आबांचा दोन बर्नरचा बॉयलर

आमच्या घरमालकांचे थोरले चुलते, ज्यांना अख्खी गल्ली आबा म्हणते, त्यांच्यामुळं माझं बिऱ्हाड आज बारामतीत आहे. झालं काय ते पुढं सांगतेच, पण नाव आधी घेतलं पाहिजे. नाहीतर सांगण्याच्या भरात शेगडी पुढं येते आणि माणूस मागं राहतो. आणि हेही आत्ताच सांगून टाकते, की विस्तवाला इतका मान देणारा माणूस बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके धुंडाळले तरी दुसरा मिळायचा नाही. देवापुढं आबा किती वेळ हात जोडतात मला ठाऊक नाही, पण शेगडीपुढं ते चप्पल काढल्याशिवाय उभे राहत नाहीत. कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात डोकावतात, शेगडीकडं बघून मान हलवतात, आणि मग मागं वळून विचारतात, "बरं हाय न्हवं?" ते 'बरं हाय न्हवं' माणसांना असतं की शेगडीला, याबद्दल गल्लीत अजून एकमत झालेलं नाही.

आबा मूळचे निरवांगीचे. घराण्यात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. वडील कळप घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडं उतरायचे ते पावसाच्या तोंडाला परत यायचे, आणि आबा लहानपणी त्यांच्या मागं चालून चालून इतके कंटाळले, की चालणाऱ्या जनावराचं नाव काढलं तरी त्यांचे पाय दुखायचे. "मला एका जागी बसणारं जनावर पायजे हुतं," असं ते सांगतात. ते जनावर त्यांना साखर कारखान्यात सापडलं. बॉयलर! तीसेक गळीत हंगाम आबांनी बॉयलरच्या तोंडाशी काढले. उसाचा चोथा त्याला चारायचा, पाण्याची पातळी बघायची, अंगावर हात ठेवून तो खुशीत आहे की रुसलाय ते ओळखायचं. अजूनही बोलताना ते "त्यानं त्या साली नीट खाल्लंच न्हाय" किंवा "संक्रांतीला त्याला ठसका लागला हुता" असं बोलतात, आणि नव्या माणसाला वाटतं, घरातला कुणी नातू आजारी होता. निवृत्त होऊन ते बारामतीला पुतण्याकडं आले. एवढं थोरलं जनावर सुटल्यावर हातांना काम उरलं नाही, म्हणून त्यांनी गल्लीतल्या एकूण एक शेगड्या आपल्या कळपात घेतल्या.

सकाळी सात म्हणजे आबांची पहिली पाळी. अंगात कारखान्याचा खाकी शर्ट. त्याचा रंग आता खाकी म्हणण्यासारखा राहिलेला नाही, पण दोन्ही खिसे शाबूत. एका खिशात जुना टूथब्रश, दाभण, पॉलिश पेपरचा तुकडा. दुसऱ्यात शिलाई मशीनच्या तेलाची बाटली. दारातून जाता जाता नुसत्या वासावरून सांगायचे, "तुमची पाइप वर्सावर जुनी झाली, बदला," आणि पाइप खरंच जुनी झालेली असायची. जाळ निळा पाहिजे हा त्यांचा कायदा. पिवळा जाळ दिसला की त्यांचा चेहरा पडायचा. "उपाशी हाय बिचारा. हवा मिळंना त्याला." आमच्या शेजारी बँकेत काम करणाऱ्या वहिनी आहेत, त्यांनी इंडक्शन घेतलं तेव्हा आबांना कौतुकानं चहाला बोलावलं. आबांनी कप हातात घेतला, वास घेतला, उलटसुलट बघितला. "वैनी, चहा चांगला हाय, पण ह्याला जाळ लागलेला न्हाय. ही नुसती गरम झालेली पत्ती." एवढं बोलून कप तसाच घेऊन ते आमच्याकडं आले, माझ्या शेगडीवर तो चहा पुन्हा उकळून घेतला आणि मग समाधानानं प्याले. वहिनी चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आबांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण त्या घरात आता विचारपूस करायला कुणी उरलंच नव्हतं.

मी गडचिरोली जिल्ह्यातली, वडशाजवळच्या एका खेड्यातली. आठवीनंतर माझी शाळा सुटली, पुढं लग्न झालं, नवऱ्याला इथल्या एमआयडीसीत काम लागलं आणि आम्ही अर्धा महाराष्ट्र ओलांडून इथं आलो. मला काळजी करायला कारण लागत नाही. भाजीला निघाले तर कोपऱ्यावरून परत येते, गॅस बंद आहे का बघायला. पुन्हा निघते आणि दार लावलं का ते बघायला परत येते. नव्या गावात पहिले सहा महिने मी कुणाशी फार बोललेच नाही. माझ्या बोलण्याला लोक हसतील अशी भीती. आबा पहिल्यांदा दारात आले, शेगडीला भेटले, आणि मग माझ्याकडं वळून म्हणाले, "गाव कंचं?"

"वडसा जी."

"जी काय जी? मी काय दिल्लीचा हाय व्हय? वडसा कुठं आलं?"

"गडचिरोली जिल्हा जी."

आबांनी डोळे बारीक केले. पुणे, सोलापूर, सातारा इथल्या कुठल्याही गावाचं नाव घ्या, आबांचा तिथं एक तरी मेव्हणा किंवा फिटर निघतो. गडचिरोलीत कुणीच निघेना. बराच वेळ शोधून त्यांनी विचारलं, "तितं कारखाना हाय का?"

"साखरेचा नाही जी. भात होते आमच्याकडे. तांदळाच्या मिली आहेत."

"म्हंजी बॉयलर न्हाय," आबा खिन्न झाले.

"आहे ना जी. उकडा तांदूळ करतात, त्या मिलीत असते लहानसा बॉयलर."

आबांचा चेहरा असा उजळला, की जणू त्यांना माझ्या माहेरचा सोयराच सापडला. "मग झ्याक! माणसांतलं गाव हाय की!" त्या दिवसापासून मी त्यांची वडसेकरीण झाले. इकडच्या खेड्यांत सुनेला माहेरच्या गावानं हाक मारतात, निमगावकरीण, फलटणकरीण अशी. गल्लीच्या टोकावरून आबांची "वडसेकरीण, जाळ कसा हाय?" अशी हाक आली की मी हातातलं काम टाकून दारात यायचे. इतक्या लांब, रोज सकाळी, कुणीतरी माझ्या गावाचं नाव मोठ्यानं घेत होतं.

आता शेगडीचं सांगते. माझा सगळा स्वयंपाक चुलीवर शिकलेला. लग्नानंतर पहिला गॅस आला तेव्हा एकदा कॉक आधी फिरवला, काडी मागून ओढली, काडी सादळलेली, दुसरी घेईपर्यंत गॅस साचला आणि असा भपका आला, की भुवया गेल्या. भुवया परत आल्या, भीती गेली नाही. काडी धरली की हात थरथरतो, लायटर धरला तरी थरथरतो. म्हणून नवऱ्यानं इथं आल्यावर बटणाची शेगडी आणली. बटण दाबून फिरवलं की टक-टक-टक आवाज, बर्नरजवळच्या पांढऱ्या पिनेतून ठिणगी, आणि आपण हाक मारावी अन् आतून कुणीतरी हळूच 'ओ' द्यावी तसा जाळ. त्या 'ओ'नं माझी निम्मी काळजी मिटवली होती.

आणि त्या शेगडीचा घात आबांच्या एका शब्दानं झाला. आबा जाळाबद्दल वाईट शब्द तोंडातून काढत नाहीत. 'विझव' म्हणणार नाहीत, 'बंद कर' तर नाहीच नाही. दुकान बंद करायचं झालं तर 'वाढवलं' म्हणतात, बांगडी फुटली तर 'वाढली' म्हणतात, तसं आबा शेगडीलाही 'वाढव' म्हणतात. मला नारळ वाढवणं ठाऊक होतं, बांगडी वाढवणं ऐकून होते; शेगडी वाढवतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी शेगडीवर दुधाचं पातेलं होतं, आबा ओणवे होऊन जाळाचा रंग न्याहाळत होते, आणि दूध वर येताना त्यांना दिसलं. "वाढव, वडसेकरीण, वाढव!"

मी वाढवला.

"अगं, वाढव म्हन्तो न्हवं!"

मी पार शेवटापर्यंत फिरवला. दूध भसाभसा उतू गेलं. "वाढव! वाढव!" आबा ओरडले. माझ्याकडं वाढवायला काही उरलं नव्हतं, म्हणून घाबरून मी शेजारचा बर्नरही पेटवला. तो नेमका आबांच्या मिशीखाली होता.

"अगं बाई, बंद कर!"

हे ऐकून मी दोन्ही कॉक बंद केले. घरात दुधाचा आणि केसांचा मिळून वास सुटला. मी रडायच्या बेतात. आबा मात्र मिशीकडं लक्षच देईनात. ते शेगडीला हात लावून कानाच्या पाळ्या धरत होते, कारण आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तो शब्द गेला होता. डावी मिशी अर्धी झाली होती. घरी जाऊन त्यांनी उजवीही कातरून जोडीला आणली, आणि गल्लीत कुणी विचारलं तर सांगायचे, "उन्हाळा लई हाय. हलकी केली." माझं नाव त्यांनी कुठंही घेतलं नाही. वर त्या दिवसापासून माझ्या घरापुरता त्यांनी आपला शब्द बदलला. दुसऱ्यांच्या घरी 'वाढव', माझ्याकडं 'बंद कर', आणि दर वेळी बंद कर म्हटल्यावर शेगडीची हळूच माफी.

गेल्या वर्षी नवऱ्याचं कंपनीतलं कंत्राट संपलं. पंधरा दिवस तो रोज गेटावर जाऊन आला. मग एके दिवशी जेवताना म्हणाला, "महिनाभर पाहू, नाहीतर गावाकडे जाऊ." आमची पोरगी तेव्हा सातवीत होती, वर्गात पहिल्या बाकावर बसायची. तिनं वर बघितलं आणि पुन्हा जेवायला लागली. एकदा सुटलेली शाळा पुन्हा धरता येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. मी बँकेतल्या वहिनींना म्हटलं, मला काहीतरी काम बघा. त्यांच्या ओळखीनं एका मॅडमचा फोन आला. त्या बारा मुलींचं एक लहान वसतिगृह बघतात. मुलींसाठी दोन वेळचे डबे हवे होते. बारा डबे म्हणजे आमचं घर चाललं असतं. मॅडमचा आवाज करकरीत होता.

"आधीच्या बाई काडीनं गॅस पेटवायच्या. हात भाजून घेतला. मुली घाबरल्या. मी आधी शेगडी बघणार, मग भाजी."

"माझी बटणाची आहे जी मॅडम," मी अभिमानानं म्हटलं. "काडी लागतच नाही."

"ठीक. गुरुवारी अकराला येते."

हा फोन रविवारी झाला. मंगळवारी सकाळी मी बटण दाबलं, टक-टक-टक झालं, आणि 'ओ' आली नाही. पुन्हा दाबलं. टक-टक-टक. नुसता आवाज, ठिणगी नाही. सेल बदलला, तरी तेच. दुकानदारानं शेगडी उलटी केली, आतलं सगळंच बदलावं लागेल म्हणाला, आणि तो भाग यायला चार दिवस सांगितले. नवरा म्हणाला, "लायटर आणून देतो, त्यात काय एवढं?" त्यात एवढं होतं, की मी मॅडमना काही लागत नाही म्हणून सांगून बसले होते, आणि लायटर धरलेला माझा थरथरता हात त्यांनी बघितला असता तर त्या उंबऱ्यावरूनच परत गेल्या असत्या.

दोन दिवस गावाला गेलेले आबा बुधवारी दुपारी परत आले आणि आमच्याकडं डोकावले. मी काही सांगायच्या आधीच ते शेगडीपुढं थबकले. "हिला काय झालं?"

मी सगळं सांगितलं. मॅडम, अकरा वाजता, बारा डबे, पोरीची शाळा. आबांनी ऐकून घेतलं, चप्पल आणखी लांब सरकवली आणि रेग्युलेटर काढून जमिनीवर बसताना मांडीखाली घातला. "काम व्हईस्तवर ह्यो माझ्याखाली. कुणाच्या बापाला लावता यायचा न्हाय." मग त्यांनी शेगडी खोलली. एकेक भाग माझ्या परातीत. बर्नर, जाळ्या, पिना, स्क्रू. भोकाभोकातनं दाभण फिरवलं, टूथब्रशनं पिना घासल्या, मध्येच थांबून बर्नर उजेडाकडं धरून माझ्या साफसफाईवर दोन शब्द सुनावले. "हिच्यात गेल्या साली उतू गेलेली डाळ हाय. तूरडाळ." पाच वाजले. सगळं जोडलं, बटण दाबलं. टक-टक-टक. ठिणगी नाही. आबांनी पुन्हा सगळं खोलून परातीत ठेवलं आणि उठले.

"आबा, कुठं जाता जी?"

"घरी. डोस्कं गरम झालं. गरम बॉयलर उघडत न्हाईत आन गरम डोस्क्यानं बी उघडत न्हाईत. सकाळी बगू."

"पण मॅडम…"

"मॅडम अकराला येनार हाईत न्हवं? माझी पाळी सातला लागती."

ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. सकाळी सात वाजले, साडेसात झाले, आबा आले नाहीत. आठ वाजता मी पीठ आणि भाजी घेऊन बँकेतल्या वहिनींकडं गेले आणि चवळीची भाजी न् पोळ्या त्यांच्या इंडक्शनवर करून आणल्या. नऊ वाजता आबा दारात. खांद्यावर काळं घोंगडं. त्यांनी ओट्यावरचं भाजीचं भांडं बघितलं, वास घेतला. आबांनी ओळखलं. ओठ हलले, पण ते काही बोलले नाहीत. आबांनी माझ्यासाठी काय काय सोसलं याची मोजदाद करायची झाली, तर मिशीच्या बरोबरीनं ही गप्प राहण्याची गोष्ट धरावी लागेल.

"येळ झाला. घोंगडं पुतन्यानं माळ्यावर टाकलं हुतं, घावत नव्हतं," ते म्हणाले. "आवाज येतोय म्हंजी ठिणगी पडती. पिनेवर दिसंना म्हंजी वाटंत कुठंतरी पळती. वाट चुकलेलं कोकरू अंधारात हुडकायचं. चल, आत ये."

आम्ही शेगडी पुन्हा जोडून जमिनीवर कडेवर उभी ठेवली, आबांनी ती, स्वतःला आणि मला अशा तिघांना घोंगड्यात घेतलं. आत मिट्ट काळोख आणि लोकरीचा वास. रेग्युलेटर नेहमीप्रमाणं मांडीखाली. "मी दाबतो. तू बग. तुझी नजर तरनी हाय."

टक-टक-टक.

"काही नाही जी."

"पिनेकडं नगं बगू. सगळीकडं बग."

टक-टक. आणि मला ती दिसली. पिनेपासून लांब, मागच्या बाजूला, वायर जिथं पत्र्याला चिकटून जात होती तिथं एक निळी बारीक ठिणगी उडत होती. "तिकडं! मागं! वायरीला!" मी आबांचा हात धरून तिथं नेला. उजेडात बघितलं तर वायरीवरचं आवरण वितळून फाटलं होतं. दूध उतू गेलं, दोन्ही बर्नर एकदम भडकले, त्या दिवशी ती वायर भाजली असणार, आणि मग हळूहळू फाटत गेली. मी म्हटलं, "माझ्याच हातानं झालं जी." आबा म्हणाले, "हातानं कुठलं? माझ्या तोंडानं झालं. गप बस आन कातर दे."

बॉयलरजवळच्या वायरींना घालतात तसली काचेच्या धाग्याची पांढरी नळी आबांच्या ट्रंकेत होती. तिचा तुकडा कापून त्यांनी वायरीवर चढवला, वायर पत्र्यापासून दूर घेऊन बांधली. मग मला म्हणाले, "डब्यातला जोंधळ्याचा दाना आन एक." पिना आणि बर्नर यांच्यात ठिणगीला उडी मारायला नेमकी जागा लागते, जास्त झाली तर पोचत नाही, कमी झाली तर जोर धरत नाही. आबांचं माप म्हणजे ज्वारीचा एक दाणा. तो मधे धरून त्यांनी दोन्ही पिना वाकवल्या. घड्याळात पावणेअकरा. "आता परत आत," ते म्हणाले, आणि घोंगडं पुन्हा आमच्यावर आलं.

त्याच वेळी दारात कुणीतरी आलं होतं. घोंगड्याखाली आम्हाला काय कळणार?

"दाबू का?"

"दाबा जी."

"आली का?"

"थांबा… आली! आली, आबा, निळी निळी आली!"

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं आली!"

"काय आलं?" बाहेरून करकरीत आवाज.

आबांनी घोंगडं एकदम उडवलं. आम्ही दोघं जमिनीवर, मधे कडेवर उभी शेगडी, आबांचे उरलेसुरले केस लोकरीनं उभे राहिलेले. दारात मॅडम, हातात पर्स, आणि त्यांच्यामागं बँकेतल्या वहिनी तोंडाला पदर लावून. मला जमीन फाटावी असं वाटलं. आबांना तसलं काही वाटत नाही. "ठिणगी आली, दुसरं काय?" ते म्हणाले. "बसा. गाव कंचं?"

"वरकुटे," मॅडम गोंधळून म्हणाल्या.

"वरकुट्याच्या मास्तरांची कोन?"

"थोरली मुलगी."

"आरं तिच्या! जय भीम, जय भीम! मास्तरांनी माझ्या दोन्ही पोरांना पाढं शिकवलं. थोरल्याला सतराचा येत नव्हता, शाळा सुटली तरी बसवून ठेवायचं."

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "मलापण बसवायचे. जय भीम, आबा."

मी मात्र हसू शकत नव्हते. मनात आलं ते भडाभडा बोलून टाकलं. "मॅडम, मी बटणाची आहे म्हटलं होतं, ते खरं होतं जी, पण मंगळवारपासून बिघडली होती. तुम्हाला कळवलं नाही. आणि भाजी पण हिच्यावरची नाही, वहिनींकडं केली." बोलून झाल्यावर वाटलं, संपलं. महिनाअखेरीची वडशाची गाडी डोळ्यांपुढं आली.

मॅडमचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. त्या आबांकडं बघत होत्या. आबांनी मांडीखालून रेग्युलेटर काढून लावला होता, वाटीत साबणाचा फेस केला होता आणि पाइपच्या दोन्ही टोकांना, कॉकच्या सांध्याला, जिथं जिथं जोड आहे तिथं तिथं तो लावून बुडबुडा येतो का ते बघत होते. "वडसेकरीण, हिकडं ये, बग गं, बुडबुडा हाय का?" मी बघितलं. नव्हता. "परत बग." परत बघितलं. तिसऱ्यांदाही बघायला लावलं. मॅडमही वाकून बघायला लागल्या. "हे रोज करता?" त्यांनी मला विचारलं. "आबा दर सोमवारी करून घेतात जी," मी म्हटलं. मॅडमनी पर्स खाली ठेवली आणि बसल्या.

मग आबांनी शेगडीला कुंकवाचं बोट लावलं आणि लावता लावता मॅडमकडं चोरून बघितलं. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या बॉयलरचे नियम तुम्ही पाळा, आबा. आणि आता पेटवाही तुम्हीच."

"मी?" आबा दोन पावलं मागं सरले. "न्हाय न्हाय. आमाला त्याची सवय न्हाय." आणि मग, तक्रार म्हणून नव्हे, नुसती माहिती द्यावी तसं त्यांनी सांगितलं. कारखान्यावर दरसाल बॉयलर पेटवायचा समारंभ असतो. मांडव, हार, सनई. पेटवायला मोठे पाहुणे सपत्नीक येतात, फोटो निघतात. "आमी मागं हुबं, हातात पान्याची बादली. पेटवून पाव्हनं जेवायला जायाचं, मग पुढं सहा म्हैनं ते आमच्याकडं. पेटवनारा येगळा आन राखनारा येगळा. चल वडसेकरीण, तुझा बॉयलर हाय. दाब."

मी डोळे मिटून दाबलं. टक-टक, आणि दुसऱ्याच टकेला ती हळू 'ओ' आली.

"डोळं उघड. निळा हाय का सांग."

"निळा आहे जी."

"चांगला निळा?"

"एकदम निळा."

त्या वेळी मला इतकंच जाणवलं, की आबा जाळाकडं बघत नाहीत, माझ्या तोंडाकडं बघतात. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, हे पुढच्या महिन्यात त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा आम्हाला कळलं. ते रोज जाळाचा रंग ओळखायचे ते बहुतेक आवाजावरून आणि वासावरून. निळी ठिणगी तर त्यांना दिसणंच शक्य नव्हतं. त्यासाठी कुणीतरी घोंगड्याखाली लागतं, आणि तशी हाक त्यांनी तोवर कुणालाच मारली नव्हती.

मॅडम जेवल्या. दोन पोळ्या झाल्यावर आबांना राहवलं नाही, "भाजी जरा उपाशी लागतीया का, मॅडम?" मॅडमना काही कळलं नाही, त्या म्हणाल्या, "छान आहे, सोमवारपासून बारा डबे." मी आत जाऊन पाण्याच्या माठाला टेकून उभी राहिले. पोरगी शाळेतून आली तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग माझं बाक कुणाला देऊ नका म्हणून बाईंना सांगायची गरज नाही ना?" कुणालाही न सांगता तिनं ते ठरवून ठेवलं होतं. आता ती आठवीत आहे, आणि पुढच्या जूनला नववीत जाईल.

आबा दिवाळीला थोरल्या मुलाकडं निरवांगीला गेले ते तिकडेच राहिले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. गल्लीत आता शेगड्या आपापल्या मनानं जळतात. पिवळा जाळ दिसला तरी कुणी दारात थांबत नाही. वहिनी परवा म्हणाल्या, "चहा केला की उगीच दाराकडं बघते मी." आठवड्यातून एकदा आबांचा फोन येतो. मुलाच्या घरी सून गॅस चांगला राखते, पण शेगडीशी बोलू देत नाही अशी तक्रार असते. मग म्हणतात, "जाळ कसा हाय?" मी फोन शेगडीजवळ धरते. ते बराच वेळ ऐकतात. "झ्याक हाय," म्हणतात आणि ठेवून देतात.

बाराचे आता एकवीस डबे झालेत. घरच्या दोन बर्नरवर हे फार दिवस निभायचं नाही. पुढंमागं एखादी जागा घेऊन लहानशी खाणावळ काढायची माझी इच्छा आहे, मोठी भट्टी असलेली. काळजी करणाऱ्या माणसानं असं मोठ्यानं बोलू नये, पण बोलते. ती भट्टी बसेल त्या दिवशी मी स्वतः गाडी करून निरवांगीला जाईन. मांडव घालीन, हार आणीन, मॅडमना आणि वहिनींना बोलवीन, फोटोवाला सांगीन. पाण्याची बादली घेऊन मागं मी उभी राहीन, आणि पेटवतील आबा. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते खाकी शर्ट घालून उद्या सकाळच्या एसटीनंच निघतील, आणि माझ्याकडं अजून जागासुद्धा नाही.